ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचा प्रोजेक्ट डेटाबेस लोकल ठेवावा की सर्व्हरवर?

तुम्ही चौघं ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये (विजेच्या सर्किटची ड्रॉइंग्ज काढायचं सॉफ्टवेअर) एकाच प्रोजेक्टवर काम करता, ड्रॉइंग्ज सर्व्हरवर आहेत, मग एमडीबी, म्हणजे प्रोजेक्ट डेटाबेसची फाइलसुद्धा तिथेच हलवावी का, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: हलवू नका. आम्ही हलवली होती आणि दोन महिन्यांत परत आणली.

त्या एमडीबीत मुळात असतं काय? समजा, रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल ड्रॉइंगच्या पान ४ वर आहे आणि त्याच रिलेचा कॉन्टॅक्ट पान ११ वर. टॅग (भागाचं नाव), वायर नंबर, कॅटलॉग नंबर सगळं ड्रॉइंगमधल्या ब्लॉकच्या (चिन्हाच्या) अॅट्रिब्यूटमध्येच, म्हणजे त्याला जोडलेल्या माहितीतच असतं. एमडीबी म्हणजे त्यावरून उतरवून घेतलेली यादी, क्रॉस रेफरन्स (एकाच भागाचे तुकडे कुठल्या कुठल्या पानावर आहेत ते) शोधताना दरवेळी सगळी पानं चाळावी लागू नयेत म्हणून. ती बिघडली तर प्रोजेक्ट बंद करून फाइल उडवा. प्रोजेक्ट उघडला की ड्रॉइंग्जवरून पुन्हा तयार होते.

शिवाय ही मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसची फाइल आहे. सर्व्हरवर ठेवली तरी शोधाशोध तुमचाच पीसी करतो, सर्व्हर फक्त कपाटासारखा उभा असतो. प्रत्येक वेळी फाइलचे ४ केबीचे तुकडे नेटवर्कवरून ओढले जातात. एका शोधाला अशा ३०० फेऱ्या झाल्या आणि व्हीपीएनवर (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं असताना) फेरीला ३० मिलिसेकंद लागले, तर ९ सेकंद गेलेच. आमच्याकडे कॉन्टॅक्ट टाकला की कर्सर गोल फिरत बसायचा आणि लोक चहाला उठायचे. एकदा घरून काम करणाऱ्याचं कनेक्शन नेमकं मधेच तुटलं, आणि ऑफिसात बसलेल्यांची फाइलही उघडेना.

म्हणून डब्ल्यूडीपी (प्रोजेक्टची मुख्य फाइल) आणि ड्रॉइंग्ज सर्व्हरवर, एमडीबी प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर. ती मुळात तुमच्या युजर फोल्डरमध्येच बनते, त्यामुळे वेगळं काही करायचं नाही. (वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका.)

यात एक मेख आहे. सहकाऱ्यानं के१२ टॅगचा रिले टाकला पण सेव्ह केलं नाही, तर तुमच्या यादीला त्याचा पत्ताच नसतो आणि तुम्हीही के१२ टाकून मोकळे होता. आम्ही पानांनुसार टॅगचे आकडे वाटून घेतले. शिवाय बीओएम (लागणाऱ्या सामानाची यादी) काढण्याआधी सगळ्यांनी सेव्ह करायचं आणि एकानं रीबिल्ड/फ्रेशन (एमडीबी ड्रॉइंग्जवरून ताजी करणारी कमांड) चालवायचं, असा नियम केला.

हे सगळं ऑटोकॅड इलेक्ट्रिकलपुरतं. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस प्रोग्राम असतो, शोधाचं काम तिकडेच होतं, त्यामुळे तिथे डेटाबेस सर्व्हरवरच बरा.

आणि कॅटलॉगच्या डेटाबेसला (भाग आणि त्यांचे पार्ट नंबर यांच्या यादीला) हा न्याय लावू नका. तो चौघांचा एकच, सर्व्हरवर, रोजच्या बॅकअपसह हवा. त्यात हातानं भरलेले पार्ट नंबर कुठल्याही ड्रॉइंगवरून परत तयार होत नाहीत. तीही एमडीबी फाइलच असू शकते, म्हणून एमडीबी उडवताना नाव दोनदा वाचा.