मुलगा यूकेमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. इन्शुरन्सचे कोट 2,000 पौंडांच्या वर येत आहेत. पॉलिसी माझ्या नावावर घेऊन त्याला नेम्ड ड्रायव्हर दाखवलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. गाडी रोज मुलगाच चालवणार असेल तर पॉलिसी त्याच्याच नावावर घ्या आणि नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे त्याच पॉलिसीत नाव जोडलेला दुसरा चालक, तुम्ही व्हा. उलटं करू नका. उलटं करण्याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती सरळ फसवणूक धरली जाते. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘ऑफिसमधले आपले सगळे लोक असंच करतात.’ हे वाक्य मी आमच्याच घरात इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी पैसे इतके का, ते सांगते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिन बघून ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीसाठी 2022 मध्ये ठरलेला वर्षाचा दर 3,416 रुपये. चालवणारा अठराचा आहे की अठ्ठेचाळीसचा, कोणी विचारत नाही. त्या हिशेबाने इथले आकडे बघितले की लुटालूट वाटते. पण इथे गाडीच्या आधी चालवणारा बघतात. अपघातात कोणी जखमी झालं किंवा गेलं तर भरपाईला कायद्याने वरची मर्यादाच नाही. कोवळ्या वयाचं पोर जन्माचं अंथरुणाला खिळलं, तर त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा दावा लाखो पौंडांत जातो. असे अपघात बऱ्याचदा नव्या ड्रायव्हरच्या गाडीत, मित्र मागे बसलेले असताना, रात्री होतात. त्याचा भार सगळ्या नव्या पोरांवर येतो. वर 12 टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स. मुलगी आहे म्हणून स्वस्त, हेही आता नाही. युरोपियन कोर्टाच्या निकालानंतर डिसेंबर 2012 पासून मुलगा-मुलगी बघून दर लावता येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझी लेक अठराव्या वर्षी पास झाली. गणपतीचे दिवस होते, भावजी आणि जाऊबाई लेस्टरहून आमच्याकडे रेडिंगला आले होते. लेकीला गाडी मिरवायला नको होती. शनिवार-रविवार ती एका केअर होममध्ये काम करायची, सकाळी सातची ड्यूटी, आणि रविवारी त्या वेळेला बसच नाही. एक जुनी फोक्सवॅगन अप बघून ठेवली होती, एक लिटर इंजिनची. तेव्हा इथे गाड्यांना इन्शुरन्ससाठी 1 ते 50 असे ग्रुप असायचे, जितका खालचा तितका स्वस्त, आणि ही गाडी अगदी खालच्या ग्रुपातली. जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप उघडून कोट काढायला बसलो. पहिला आकडा आला 2,380 पौंड. गाडी होती 3,000 ची.

भावजी म्हणाले, ‘वहिनी, कशाला एवढे पैसे घालवताय? दादाच्या नावावर करा, पोरीला नेम्ड टाका. सातशेत काम होतं. आम्ही आमच्या चिरंजीवांचं तेच केलंय.’

पुतण्या तेव्हा नॉटिंगहॅमला शिकायला होता, त्याच्याकडे कॉर्सा होती. मी विचारलं, ‘मग ती कॉर्सा तिथे चालवतं कोण?’ म्हणाले, ‘तोच. कागदावर मी.’

मी नाही म्हटलं. फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात, गाडीचा मुख्य ड्रायव्हर कोण, रात्री गाडी कुठे उभी असते. तिथे लेकीच्या देखत खोटं लिहायचं आणि तिने आयुष्यात पहिली सही त्याच्याखाली करायची, हे मला मान्य नव्हतं. भावजी म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही फार घाबरता.’ जाऊबाईंनी पुण्याला सासूबाईंना फोन करून सांगितलं की यांच्याकडे पैसा उतू चाललाय. आमचे हेसुद्धा पुढे बरेच दिवस धुसफुसत होते, कारण सातशेचा आकडा त्यांच्या डोक्यात बसला होता.

आम्ही काय केलं ते नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. पॉलिसी लेकीच्या नावावर, मुख्य ड्रायव्हर तीच. मी नेम्ड ड्रायव्हर, आणि मी ती गाडी खरोखरच चालवायचे. मधल्या वारी बाजारहाट त्याच गाडीने व्हायची. माझं नाव घातल्याबरोबर आकडा तीनेकशे पौंडांनी उतरला. यांचं नाव घातलं तर उलट वाढला, कारण यांच्या लायसन्सवर स्पीडिंगचे तीन पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दंडगुण, होते. यांना काढलं. म्हणजे अनुभवी माणूस जोडलं की स्वस्त होतं असं सरसकट नाही, स्वच्छ लायसन्सचं माणूस जोडावं लागतं. मग ब्लॅक बॉक्सवाली, म्हणजे गाडी कशी चालवता ते नोंदवणाऱ्या यंत्राची, पॉलिसी घेतली. हप्ते न करता वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण हप्ते म्हणजे कर्ज आणि त्यावर व्याज. सगळं मिळून 1,490 ला बसलं. ‘थर्ड पार्टी ओन्ली’ स्वस्त पडेल म्हणून तेही बघितलं होतं, तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा महाग निघालं. तुम्हीही दोन्ही बघा, कारण थर्ड पार्टी ओन्ली जास्त करून धोक्याचे ड्रायव्हर घेतात आणि दर त्यांच्या हिशेबाने लागतो.

ब्लॅक बॉक्सला आपली माणसं उगाच नावं ठेवतात. आमचा बॉक्स म्हणजे समोरच्या काचेवर आरशाच्या मागे चिकटवायचा काड्यापेटीएवढा ठोकळा, बाकी सगळं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये. प्रत्येक फेरीनंतर वेग, ब्रेक, वळणं आणि वेळ यांचे गुण यायचे. एकदा संध्याकाळी लेक हिरमुसून फोन दाखवायला आली, ब्रेकच्या पट्टीवर लाल ठिपका. एक पोरगं चेंडूमागे रस्त्यात धावलं होतं. मी म्हटलं, ब्रेक दाबलास तेच बरोबर, गुण गेले तर जाऊ देत. पण त्या ठिपक्यांमुळेच ती लांबून दिवा लाल दिसला की आधीच पाय उचलायला शिकली. हे तिला मी शेजारी बसून ओरडून शिकवू शकले नसते. रात्री अकरानंतर चालवलं की गुण कापायचे, म्हणून मैत्रिणीकडे उशीर झाला की ती तिथेच झोपायची. मला आई म्हणून आणखी काय हवं होतं?

पुतण्याचं काय झालं? पुढच्या हिवाळ्यात त्याने ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला मागून ठोकलं. त्या बाईंची मान दुखावली, दावा आला. इन्शुरन्स कंपनीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी रात्री कुठे असते? लेस्टरला, असं फॉर्मवर होतं. पण नॉटिंगहॅमच्या रस्त्यावरचा पार्किंग परमिट पुतण्याच्या नावावर, तोही त्याच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. कंपनीने पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्दबातल ठरवली. कॉर्साच्या दुरुस्तीचा एक पैसा दिला नाही. त्या बाईंची भरपाई कायद्याने कंपनीला द्यावीच लागली, पण ती तिने नंतर भावजींकडून वसूल केली.

आणि इथेच संपलं नाही. रद्द झाल्याचं पत्र लेस्टरच्या पत्त्यावर आलं. भावजी कंपनीशी भांडत बसले आणि पोरगा तिकडे दुरुस्त केलेली गाडी चालवत राहिला. इथे इन्शुरन्स असलेल्या सगळ्या गाड्यांची एकच नोंदवही आहे आणि पोलिसांच्या कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसली की लगेच कळतं. त्याला थांबवलं, गाडी जप्त. विना इन्शुरन्स गाडी चालवल्याबद्दल 300 पौंड दंड आणि सहा पॉइंट. सहा पॉइंट म्हणजे काय, ते नव्या ड्रायव्हरच्या आईवडिलांनी पाठच करून ठेवावं. टेस्ट पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुन्हा प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. (हातात मोबाईल धरून चालवताना सापडलं तरी सहाच पॉइंट, म्हणजे एका फोनमध्ये लायसन्स जातं. मुलाला हे आजच सांगा.) भावजींना आता कुठलाही इन्शुरन्स घेताना ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाला हो लिहावं लागतं, आणि त्यांच्या स्वतःच्या गाडीचा हप्ता त्यामुळे वाढलाय.

भावजी आजही म्हणतात, नशीब खराब होतं, कंपनी चोर निघाली. भावजी, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण नशिबाचा यात संबंध नाही. टक्कर कोणाचीही होते, माझ्या लेकीचीही झाली असती. तिची झाली असती तर कंपनीने पैसे दिले असते, कारण फॉर्मवर खरं लिहिलं होतं. तुम्ही लेकाला सातशे पौंडांची पॉलिसी घेऊन दिलीत, ती पॉलिसी नव्हतीच. आणि मी घाबरट नव्हते. पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवून आले होते, लक्ष्मी रोडला दिवाळीच्या गर्दीत चालवलेली आहे. इथे भारतीय लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, मग बदलून मिळत नाही, सगळ्या टेस्ट पहिल्यापासून द्याव्या लागतात. त्या मी दिल्या आणि पंधरा वर्षांचा अनुभव शून्य धरून पहिला हप्ता भरला. राग मलाही आला होता, पण फॉर्मवर खोटं लिहिलं नाही.

फ्रंटिंगचा आणखी एक तोटा लोक बघत नाहीत. पॉलिसी बापाच्या नावावर असली की नो क्लेम बोनस बापाचाच वाढतो. पोरगं तीन वर्षं गाडी चालवून शेवटी स्वतःची पॉलिसी घ्यायला जातं तेव्हा बहुतेक ठिकाणी शून्यावर उभं असतं. माझ्या लेकीचं एक वर्ष क्लेमशिवाय गेलं आणि दुसऱ्या वर्षी 870 झाले.

काही गोष्टी राहिल्या. मुलगा घरीच राहत असेल, गाडी खरोखर तुमची असेल, तुम्ही रोज ऑफिसला नेत असाल आणि तो अधूनमधून चालवत असेल, तर तुम्ही मुख्य आणि तो नेम्ड, हे शंभर टक्के कायदेशीर आहे, बिनधास्त करा. त्याची रात्रपाळीची नोकरी असेल तर ब्लॅक बॉक्स घेताना अटी वाचा, काही पॉलिसींत रात्रीच्या वेळांना गुण जातात. तो लर्नर पॉलिसीवर शिकत असेल तर ती बहुधा पास झाल्या क्षणी संपते, तेव्हा नवीन सुरू झाल्याशिवाय गाडीला हात लावू देऊ नका. एक्सेस म्हणजे दाव्यातली आपल्या खिशातून भरायची रक्कम. स्वतःहून ठरवलेला व्हॉलंटरी एक्सेस वाढवला की हप्ता उतरतो, पण तरुण ड्रायव्हरचा सक्तीचा एक्सेस वेगळा असतो. दोन्हींची बेरीज करून तेवढे पैसे अपघाताच्या दिवशी हातात असतील का ते बघा. कुठली कंपनी सगळ्यात स्वस्त हे मी सांगू शकत नाही, प्रत्येक पिनकोडला वेगळा आकडा येतो. दोन-तीन तुलनेच्या साइट बघा, आणि गाडी घ्यायच्या आधी बघा. पॉलिसी सुरू व्हायच्या तीनेक आठवडे आधी काढलेले कोट आदल्या दिवशीच्या कोटपेक्षा बहुधा कमी असतात. फॉर्म मुलालाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.