फेकोऐवजी हाताने केलेल्या स्वस्त मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दृष्टी तितकीच चांगली येते का?

हो, बहुतेकांना येते. फेकोत यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. हाताच्या पद्धतीला एसआयसीएस (लहान छेदाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया) म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून साधारण 6 ते 7 मिमीचा तिरका बोगदा करून मोतीबिंदू अखंड बाहेर काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. आतल्या दाबाने बोगदा आपोआप मिटतो, म्हणून सहसा टाका लागत नाही. महागडं फेको मशीन नको, घडी न होणारं साधं भिंग चालतं. खर्च वाचतो तो इथे.

नेपाळमध्ये नेत्रतज्ज्ञ डॉ. संदुक रुइत यांच्या गटाने 108 रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली होती (2007 साली प्रसिद्ध). सहा महिन्यांनी, योग्य नंबर लावून तपासल्यावर, दोन्ही गटांतल्या 98 टक्के रुग्णांची दृष्टी 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसणारं 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली होती. वेळही हाताच्या पद्धतीला कमी लागला. फार पिकलेल्या, कडक मोतीबिंदूत तर मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते, अर्थात हात सरावलेला हवा.

फेकोचा छेद 3 मिमीपेक्षाही लहान असतो, त्यामुळे चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या असमान वक्रतेमुळे लागणारा) कमी येतो. हा फरक खरा आहे.

दुसऱ्या दिवशी धूसर दिसलं तर घाबरू नका, सूज उतरायला काही दिवस जातात. चष्म्याचा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तो काढायला नक्की जा, कित्येक जण तिथेच आळस करतात. मात्र दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.