मुलांच्या पुस्तकांसाठी फ्रीलान्स चित्रकार म्हणून काम कसं मिळवावं आणि वाढवावं?

पोर्टफोलिओत नुसती सुटी सुंदर चित्रं ठेवू नका. संपादक बघतो ते वेगळंच: तीच मुलगी पान ३ वर हसताना, पान ९ वर रुसून बसलेली आणि पान १४ वर पाठमोरी, तरी तीच वाटते का? एखादी लोककथा घ्या, तिचा पूर्ण स्टोरीबोर्ड, म्हणजे पानापानाचा कच्चा चित्र-आराखडा, करा. चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा कागद आठ-सोळा पानांच्या फॉर्मात दुमडतात. त्यातली तीन-चार जोडपानं रंगवा, मजकुराला जागा सोडून. (ही जागा सोडायला मी फार उशिरा शिकले.) ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर भरपूर पुस्तकं मोफत आहेत, ती चित्रांसाठी वाचा.

करार मात्र लेखीच हवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क, कायमचे’ असं दिसलं की सही करण्याआधी थांबा, त्याचे जास्त पैसे मागा. बदल किती वेळा करून द्यायचे, तेही लिहून घ्या. मी एकदा घेतलं नाही आणि एकाच मुखपृष्ठाची ११ रूपं काढली, त्याच मानधनात.