लिस्बनमध्ये दोन दिवस आहोत, खिशाला परवडेल असं चांगलं कुठे खावं?
दुपारी ‘ताश्का’त जेवा, म्हणजे गल्लीबोळातली छोटी खानावळ. ‘प्रातू दू दिया’ लिहिलेलं दिसलं की आत शिरा. आपल्या राइस प्लेटसारखाच, त्या दिवशीचा स्वस्त पदार्थ. बसताच पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं! नको असेल तर हात लावू नका, परत पाठवा. डुकराचं मांस चालत असेल तर बिफाना खाच. पावात घालून देतात, आणि आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच.

गोडासाठी लिस्बनच्याच बेलें भागात जा. तिथलं कस्टर्ड टार्टचं दुकान १८३७ पासूनचं आहे. गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवून खा. शाकाहारी असाल तर मार्तीं मुनीश चौकाच्या आसपास भारतीय हॉटेलं सापडतील.