प्रकाशाने नियंत्रित होणाऱ्या स्मृती-उपकरणांवर पीएचडी करताना नेमका कशाचा अभ्यास होतो?

नेहमीच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर, मेमरी आणि प्रोसेसर वेगवेगळे असतात, त्यामुळे बराच वेळ व ऊर्जा माहिती इकडून तिकडे नेण्यातच खर्च होते. ही कामे शक्यतो एकाच उपकरणात आणणे, हा या संशोधनाचा गाभा आहे. त्याचा एक महत्त्वाचा पाया म्हणजे मेमरिस्टर, म्हणजे आधी वाहून गेलेल्या विद्युतप्रवाहानुसार आपला रोध बदलणारा आणि तो लक्षात ठेवणारा घटक. विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये त्याची संकल्पना मांडली आणि २००८ मध्ये एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरावर आधारित उपकरण सादर केले.

प्रकाशाची भूमिका मला सर्वांत विलक्षण वाटते. झिंक ऑक्साइडवर अतिनील किरण पडले की त्याची विद्युतवाहकता वाढते आणि किरण थांबल्यावरही ती लगेच ओसरत नाही. याचे एक स्पष्टीकरण असे, की ऑक्सिजनच्या रिक्त जागांतून (स्फटिकात जिथे ऑक्सिजनचा अणू नसतो अशा जागांतून) इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर भोवतालच्या अणूंची मांडणी किंचित बदलते आणि इलेक्ट्रॉनला परतण्यासाठी ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो. वेगवान प्रकाशसंवेदकात हा दोष ठरतो. इथे मात्र तीच स्मृती होते. प्रकाशाचे स्पंद एकामागून एक दिले तर वाहकता टप्प्याटप्प्याने वाढते, मेंदूतील चेतापेशींमधला जोड, म्हणजे चेतासंधी, वारंवार आलेल्या संदेशांनी असाच बळकट होतो, म्हणून या उपकरणांना कृत्रिम चेतासंधी म्हटले जाते.

खरी अडचण साठवलेली माहिती पुसण्याची आहे. लिहिणे प्रकाशाने जमते, पण पुसण्यासाठी बहुधा विद्युतस्पंद लागतो. शिवाय एकाच चिपवरील उपकरणे एकसारखी वागत नाहीत. प्रबंधासाठी यांपैकी एकच प्रश्न निवडून त्याच्या खोलात जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.