ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा क्लच गेलाय: नुसती प्लेट टाकू की सगळा सेट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेनॉ डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी), ८५,००० किलोमीटर झालेत, घाटात क्लच घसरतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं फ्लायव्हीलसकट (इंजिनाच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) सगळं बदला, ओळखीचा मिस्त्री म्हणतो नुसती प्लेट टाकू. आणि जाता जाता विचारलंय की घरी जमेल का.

घरी जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. उरलेल्या प्रश्नासाठी मला माझी फजिती सांगावी लागेल, कारण तुमच्या मिस्त्रीसारखाच सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो ऐकला होता.

माझीही गाडी तीच, ११० पीएसची डिझेल, सहा गिअरची. क्लच ६८,००० वरच गेला, आणि त्यात दोष माझाच. जुलैत वेल्ह्याच्या बाजूला मित्राची वॅगनआर भातखाचराच्या कडेला रुतली. मी ऐटीत डायल ‘लॉक’वर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडवर फिरवला, दोर बांधला आणि रिव्हर्स टाकून ओढायला लागलो. नुसत्या पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असती तर चाकं जागच्या जागी फिरली असती, चिखल उडाला असता, लोक हसले असते आणि क्लच वाचला असता. इथे चारही चाकांनी जमीन धरली. चाकं घसरेनात, वॅगनआर हलेना, इंजिन तर जोर लावतंय. मग घसरायला उरला कोण? मी अर्धा क्लच धरून बसलो होतो. अर्ध्या मिनिटात तो वास आला, ज्याला आला त्याला कायमचा ओळखता येतो. वॅगनआर निघाली म्हणून वरून शाबासकीही मिळाली.

ऑल-व्हील गाड्यांचा क्लच लवकर जातो असं लोक म्हणतात, त्यातलं बरंचसं कारण हे आहे. चार चाकांची पकड असली की इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये घसरू शकणारी एकच जागा राहते. आपल्या गाडीचा पहिला गिअर मुद्दाम खूप छोटा दिलाय. हजार आरपीएमला गाडी ताशी सहा किलोमीटरच्याही आतच चालते. म्हणजे चढावर, चिखलात क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता मुंगीच्या पावलांनी जाता येतं. मला हे वॅगनआरच्या आधी कळायला हवं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला, तर काटा दोन हजारावरून तीन हजारावर उडाला आणि गाडी होती त्याच वेगात. तुम्हीही हे एकदा खात्रीने बघून घ्या. मोकळा सरळ रस्ता, चौथा गिअर, पंधराशेच्या आसपास आरपीएम, आणि एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच अजून जिवंत आहे. आरपीएम एकटाच पुढे पळाला तर संपला. हँडब्रेक ओढून गाडी बंद पडते का बघायची जी युक्ती सांगतात ती करू नका, उरलीसुरली प्लेट त्यातच जाते. आणि हो, गाडी रस्त्यात बसलीच तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेली तर मागच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा बिघडू शकते आणि क्लचच्या बिलात तिचंही बिल मिळवायची सोय होते.

आता मूळ मुद्दा. क्लच प्लेट ही वस्तू काही फार महाग नाही. महाग आहे तिच्यापर्यंत पोचणं. साध्या डस्टरमध्येसुद्धा गिअरबॉक्स खाली घ्यायचा म्हणजे बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, पुढची सबफ्रेम असा सगळा संसार उतरवावा लागतो. ऑल-व्हीलमध्ये त्यावर गिअरबॉक्सला चिकटलेला, मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा ट्रान्सफर बॉक्स आणि तिथून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट. गिअरबॉक्सचं धूड जड होतं, वजन एका अंगाला जातं, म्हणून दोन पोस्टची लिफ्ट आणि गिअरबॉक्सचा जॅक नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नका.

माझ्या पहिल्या मिस्त्रीने हे सगळं उतरवलं आणि फक्त प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बदलली. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग फिरवून दाखवलं, ‘गुळगुळीत आहे साहेब, कशाला खर्च?’ मलाही ते गोड वाटलं. आपल्या गाडीत रिलीज बेअरिंग आणि क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर हे एकच अंग आहे, बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच झाकणारं कवच) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेलं. बेअरिंग गुळगुळीत असेलही, पण आतलं रबरी सील ६८,००० किलोमीटर जुन्या, झिजलेल्या जागेवर सरकायला सरावलेलं. नवी प्लेट जाड असते, त्यामुळे पिस्टन वेगळ्याच जागी काम करायला लागतो. सात आठवड्यांनी सिग्नलला क्लच पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही. ब्रेक ऑइलची पातळी खाली (क्लचही त्याच ऑइलवर चालतो), बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब. एका सिलिंडरसाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली आणि मजुरी पुन्हा पूर्ण. नव्या प्लेटवरही ऑइल उडालेलं, म्हणजे तीही गेली.

दुसऱ्या वेळी भोसरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो आणि दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसलो. त्यांनी प्रॉपेलर शाफ्ट खोलायच्या आधी खिशातून पांढऱ्या रंगाचं मार्कर काढलं आणि जोडावरच्या दोन्ही चकत्यांवरून (फ्लँज) एक आडवी रेघ ओढली. शाफ्ट होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर बॅलन्स बिघडून ऐंशीच्या पुढे गाडी गुणगुणायला लागते. गिअरबॉक्स सुटल्यावर त्यांनी पोराला बजावलं की आता क्लच पेडलला कोणी पाय लावायचा नाही. समोर अडवायला काही नसलं की सिलिंडरचा पिस्टन बाहेर उडतो. बसवताना शेवटचं अर्धं बोट गिअरबॉक्स आत जाईना, तर पोरगं बोल्ट आवळून ओढायला निघालं. त्यांनी पाना हातातून काढून घेतला, गाडी गिअरमध्ये टाकली, शाफ्ट किंचित फिरवला आणि गिअरबॉक्स सुळकन बसला. बोल्टने ओढला असता, किंवा नुसता शाफ्टवर लोंबकळत ठेवला असता, तर प्लेटचं हब, म्हणजे मधला भाग, वाकलं असतं.

फ्लायव्हीलचं काय? इथे मी सर्व्हिस सेंटरचं डोळे मिटून ऐकणार नाही, पण मिस्त्रीचंही नाही. माझ्या गाडीत ड्युअल मास निघालं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. गिअरबॉक्स उतरल्यावर ते हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघायचं. थोडं फिरून स्प्रिंगने परत येणं बरोबर. मोकळं खडखडत असेल, पुढे-मागे डुलत असेल, ग्रीस बाहेर आलं असेल किंवा पृष्ठभाग निळा पडून भेगाळला असेल तर बदला. ते लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, चालवू असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा, ती सोय एकसंध फ्लायव्हीलसाठी असते. गाडी बंद करताना खडखड येते का ते आजच ऐकून ठेवा, त्यावरून अंदाज येईल. माझं फ्लायव्हील चांगलं निघालं आणि ते तसंच ठेवलं. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील मात्र ओलसर दिसलं म्हणून बदलून घेतलं. तेच तेल प्लेटवर आलं तर नवा क्लचही घसरतो.

तेव्हा माझं मत: प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग-सिलिंडर हे तिन्ही नवीन, न विचारता. फ्लायव्हील गिअरबॉक्स उतरल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तपासून मगच. सर्व्हिस सेंटरला तसं सांगून इस्टिमेट दोन भागांत मागा, फ्लायव्हीलसह आणि फ्लायव्हीलशिवाय. मिस्त्रीकडे देणार असाल तर दोनच गोष्टी विचारा: याआधी ऑल-व्हीलचा गिअरबॉक्स उतरवलाय का, आणि ट्रान्सफर बॉक्सचं ऑइल वेगळं भरणार का. दुसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला तर चहा पिऊन निघा.

गाडी ताब्यात घेताना थंड इंजिनवर रिव्हर्स टाकून बघा, कर्रकन आवाज आला तर क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिलीय, पुन्हा ब्लीडिंग करायला लावा. मग मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-नव्वदपर्यंत न्या आणि सीटखालून काही गुणगुणतंय का ते ऐका. पुढचे पाचशे किलोमीटर घाट, ओझं आणि मित्रांच्या वॅगनआर टाळा.