इंदूरच्या पार्लरमध्ये खेळणारा मुलगा प्रोफेशनल स्नूकर प्लेयर होऊ शकतो का?

तुमचा भाचा 17 वर्षांचा, पार्लरमध्ये सगळ्यांना हरवतो आणि आता कॉलेज सोडून प्रो व्हायचं म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी एमपीकडून नॅशनल खेळलोय, पण ग्रुपच्या पुढे कधी गेलो नाही, त्या हिशोबाने माझं ऐका.

पार्लरमध्ये टेबलचे पैसे हरणारा देतो, त्यामुळे पोरं पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, जबरदस्त शिकतात, पण सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू न देणं, शिकतच नाहीत, कारण सेफ्टी खेळत बसलं की फ्रेम (एक डाव) लांबते, मीटर पळतं आणि मागे नंबर लावून बसलेले "अरे भिया, मार ना!" म्हणून बोंबलतात. वर कापड झिजलेलं आणि पॉकेट ढिले. मी नॅशनलला पहिल्यांदा नव्या कापडावर उतरलो तर पांढरा बॉल थांबायचं नावच घेईना. इथे 80 चा ब्रेक (एका पाळीत सलग घेतलेले पॉइंट) मारणारा मी, तिथे 30 वर गेलो नाही, पूर्ण मॅच खुर्चीत बसून समोरच्याचं बघत होतो. त्या खुर्चीत बसता येणं हा पण खेळच आहे बरं, तो पार्लरमध्ये कोणी शिकवत नाही.

आता अमॅच्युअर आणि प्रो. आपल्याकडे हे उलटंच आहे. नॅशनलमध्ये जे वर असतात त्यातले बरेच पीएसपीबीचे (पेट्रोलियम स्पोर्ट्स प्रमोशन बोर्ड), म्हणजे तेल कंपन्यांत नोकरीला, अनेकदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला पंकज अडवाणी स्वतः ओएनजीसीत आहे. म्हणजे अमॅच्युअरला पगार येतो आणि प्रो स्वतःच्या खिशातून तिकिटं काढतो. टूरवर, म्हणजे जगभरच्या प्रो स्पर्धांच्या मालिकेत, साधारण 128 जण, तिथे खेळायचं कार्ड दोन वर्षांचं, रँकिंग दोन वर्षांतल्या प्राइझ मनीवर, आणि पहिल्या 64 मध्ये नाही राहिलात तर सहसा परत क्यू स्कूल, म्हणजे कार्ड मिळवायची पात्रता स्पर्धा. बऱ्याच मॅचेस इंग्लंडमध्ये, त्यामुळे तिथे खोली घेऊन राहावं लागतं, खर्च पाउंडात आणि पहिल्याच राउंडला हरलात तर जवळजवळ हात हलवत परत. आदित्य मेहता 2013 च्या इंडियन ओपनच्या फायनलला पोचला, रँकिंग स्पर्धेची फायनल खेळणारा पहिला भारतीय, तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 ने हरवलं. पंकज तर 2012 ला टूरवर गेला आणि 2014 ला कार्ड सोडून परत आला, आणि 2025 मध्ये आपल्याच इंदूरच्या यशवंत क्लबमध्ये 36 वं नॅशनल टायटल घेऊन गेला. त्याच्यासारख्याने असं ठरवलं, तर तुमच्या भाच्याने कॉलेज का सोडावं?

(आणि गंमत बघा, हा खेळ 1875 ला जबलपूरच्या मेसमध्ये इंग्रज अफसरांनी सुरू केला असं सांगतात. आपल्याच एमपीत जन्मला आणि कार्ड मिळवायला जायचं परदेशात!)

माझं म्हणणं, आधी ज्युनियर स्टेट खेळू दे, मग ज्युनियर नॅशनल. एखाद्या क्लबात चांगलं टेबल आणि कोच मिळतो का बघा, आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त सेफ्टी, पॉट बंद. पोरगं चिडेल, चिडू दे. नॅशनलला मेन ड्रॉमध्ये दोन-तीन वर्षं टिकला तर मग थायलंडला एशियाचं क्यू स्कूल असतं तिथे एकदा पाठवा, इंग्लंडपेक्षा स्वस्त पडेल. तोवर बी कॉम होऊन जाईल.

आणि हो, त्याला स्वतःचा क्यू (खेळायची काठी) घेऊन द्या आधी, पार्लरच्या स्टँडवरचा वाकडा क्यू उचलून खेळत असेल तर हे सगळं बोलणंच फुकट.